टीव्हीचा पहिला पडदा कोणाच्या ताब्यात?

भारतीय स्पर्धा आयोगाने २१ एप्रिल २०२५ रोजी गूगल कंपनीचा तडजोडीचा प्रस्ताव मान्य केला आणि अँड्रॉइड टीव्हीसंबंधीचे जे प्रकरण जून २०२१ पासून चौकशीत होते, ते २० कोटी २४ लाख रुपयांच्या भरण्यावर आणि करारातील काही बदलांवर मिटले. स्पर्धा अधिनियमात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने आयोगाला तडजोड मान्य करण्याचा अधिकार मिळाला होता, आणि त्या अधिकाराखाली निघालेला हा पहिलाच आदेश असल्याने कायद्याच्या अभ्यासकांनी त्याची नोंद घेतली. मात्र ज्यांच्या घरातल्या टीव्हीविषयी हा सारा वाद होता, त्यांच्यापर्यंत त्यातला मुद्दा पोहोचलेला नाही, आणि तो पोहोचणे फार गरजेचे आहे.

इंटरनेटला जोडता येणारा टीव्ही, ज्याला बाजारात सरसकट स्मार्ट टीव्ही म्हणतात, तो पॅनेल आणि संगणक यांचा संयोग असतो. पॅनेल चित्र दाखवते, आणि कोणते चित्र कोठून आणून कोणत्या क्रमाने दाखवायचे हे आतला छोटा संगणक ठरवतो. या संगणकाचा कारभार पाहणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, आणि तिच्यावर बाहेरच्या कंपन्यांची अ‍ॅप चालू लागली की तिचा प्लॅटफॉर्म होतो, कारण त्यानंतर प्रेक्षक आणि कार्यक्रम देणारे हे दोघेही एकमेकांना गाठण्यासाठी तिच्यावरच अवलंबून राहतात. औरंगाबादच्या धूत घराण्याचा व्हिडिओकॉन आणि मुंबईच्या मिर्क इलेक्ट्रॉनिक्सचा ओनिडा एकमेकांशी झुंजत होते त्या काळात लढाई पिक्चर ट्यूबची, किमतीची आणि विक्रीनंतरच्या सेवेची होती. टीव्ही एकदा घरी गेला की त्यावर काय पाहायचे यात कारखानदाराचा काही हात उरत नसे. व्हिडिओकॉन २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि त्याच दशकात लढाईची जागाही बदलली: गूगलने २०१४ साली अँड्रॉइड टीव्ही आणि अ‍ॅमेझॉनने त्याच वर्षी फायर टीव्ही आणला, एलजीने २०१३ मध्ये एचपीकडून विकत घेतलेली वेबओएस आपल्या टीव्हीत घातली, आणि सॅमसंग २०१५ पासून टायझेनकडे वळली.

सोलापूर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावी ही लढाई दिसते ती टीव्हीच्या दुकानात. उजनीच्या फुगवट्याकाठच्या गावांत ऊस आणि केळी, उरलेल्या तालुक्यात पावसाच्या भरवशावरची ज्वारी, तूर, उडीद, अशी येथील शेती. त्यामुळे मोठ्या टीव्हीची खरेदी उसाचे बिल जमा झाल्यावर किंवा दसरा-दिवाळीला, आणि पुष्कळदा हप्त्यावर होते. पुढील संवादातील दोन व्यक्ती कल्पित आहेत: एक टीव्हीचे जुने विक्रेते, ज्यांना गाव शेठ म्हणते, आणि दुसरे वाणिज्य शाखेचे निवृत्त प्राध्यापक, ज्यांना सगळे सर म्हणतात. त्यांच्यातला मतभेद मात्र खरा आहे. अँड्रॉइडविषयी भारतात आणि युरोपात जो वाद झाला, तो याच दोन टोकांभोवती फिरला.

शेठ : गूगलने पैसे भरले आणि करार सैल केले, हे ठीक, पण सर, यात गिऱ्हाइकाचे नुकसान ते काय झाले होते? दुकानात येणारा माणूस आधी किंमत विचारतो, मग यूट्यूब लागते का ते विचारतो, आणि तिसरा प्रश्न वॉरंटीचा असतो. आत कोणती सिस्टिम आहे हे क्वचितच कोणी विचारते. अँड्रॉइड कंपन्यांना आयती मिळाली म्हणून बत्तीस इंची टीव्ही सामान्य माणसाच्या आवाक्यात आला; प्रत्येक कंपनी स्वतःची सिस्टिम तयार करत बसली असती, तर तो खर्च शेवटी बिलातच चढला असता.

सर : ती आयती मिळाली, पण कोणत्या अटीवर मिळाली ते पाहावे लागेल, शेठ. अँड्रॉइडचा मूळ भाग मुक्त आहे, म्हणजे तो कोणीही घ्यावा आणि हवा तसा बदलावा. परंतु ज्यातून बाकीची अ‍ॅप उतरवून घ्यायची ते प्ले स्टोअर मुक्त नाही. ते हवे असेल तर टीव्ही कंपनीला अ‍ॅप वितरणाचा करार करावा लागे, त्या कराराने गूगलची अ‍ॅप एकगठ्ठा घ्यावी लागत आणि ती पडद्यावर कोठे दिसावीत हेही ठरलेले असे. त्यावर सुसंगततेचे आणखी एक वचन द्यावे लागे, ज्याचा अर्थ असा की त्या कंपनीने आपल्या कोणत्याही उपकरणात अँड्रॉइडची गूगलच्या कसोटीला न उतरणारी आवृत्ती वापरायची नाही. टीव्हीसाठी एक करार केला की मोबाइलपासून सगळ्याच मालावर बंधन आले. युरिया हवा असेल तर सोबत हे दुसरे औषधही घ्या, असे लिंकिंग कृषी सेवा केंद्रात झाले की शेतकरी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करतो. येथे तक्रार करण्याजोगी जागा टीव्ही कंपनीला होती, प्रेक्षकाला तर ते लिंकिंग दिसतही नव्हते.

आयोगाची चौकशी नेमक्या याच ठिकाणी केंद्रित होती. स्पर्धा अधिनियमाच्या कलम ४ नुसार बाजारात वर्चस्व असणे हा दोष नव्हे, वर्चस्वाचा गैरवापर हा दोष आहे. म्हणून वर्चस्व कोणत्या बाजारात, हे आधी ठरवावे लागते. आयोगाने पाहिला तो सगळ्या टीव्हींचा बाजार नव्हे, तर इतर उत्पादकांना परवान्यावर मिळू शकणाऱ्या स्मार्ट टीव्ही ऑपरेटिंग सिस्टिमचा बाजार. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण सॅमसंगची टायझेन आणि एलजीची वेबओएस त्या वेळपर्यंत त्यांच्या स्वतःच्या टीव्हीपुरत्याच होत्या, आणि स्वतःची सिस्टिम नसलेल्या तिसऱ्या कंपनीला त्यांचा पर्याय उपलब्धच नव्हता. एलजीने २०२१ पासून आणि सॅमसंगने २०२२ पासून आपल्या सिस्टिम इतरांना देऊ केल्या, तेव्हा हे चित्र बदलू लागले.

शेठ : बदलायला आयोगाची वाट कोणी पाहिली, सर? ओनिडाचा फायर टीव्ही डिसेंबर २०१९ मध्येच बाजारात आला होता, आणि मार्च २०२३ मध्ये तर शाओमीने, जी आधीपासून अँड्रॉइड टीव्ही विकत होती, रेडमीच्या नावाने फायर टीव्ही आणला. करार इतका घट्ट असता तर हे झाले नसते.

सर : मधल्या तारखा विसरू नका. मोबाइलमधील अँड्रॉइडबद्दल आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी १३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड केला, आणि वेगळ्या आवृत्त्या वापरण्यावर बंदी घालणाऱ्या अटींवर त्या आदेशात नेमके बोट ठेवले होते. टीव्हीची चौकशीही तेव्हा चालूच होती. युरोपीय आयोगाने तर २०१८ सालीच अशाच अटींसाठी ४३४ कोटी युरोंचा दंड केला होता. २०२३ साली एखाद्या मोठ्या कंपनीला धीर आला असेल तर त्यामागे ही पार्श्वभूमी नव्हती, असे कसे म्हणता येईल?

शेठ : बरे, ते धरून चालू. पण वेगळ्या आवृत्त्यांचा त्रास कोण काढतो? स्वस्तातल्या एखाद्या टीव्हीत नुसती साधी अँड्रॉइड भरलेली असते, प्ले स्टोअर नसते, नेटफ्लिक्स चालत नाही कारण त्या कंपनीची स्वतंत्र मान्यता लागते, आणि वर्षभरात यूट्यूबही अडखळू लागले की गिऱ्हाईक टीव्ही उचलून दुकानात आणते. म्हणून तर सर्टिफाइड अँड्रॉइड असे सांगून माल विकावा लागतो. त्यात चोरीची भर. प्रमाणित नसलेल्या अँड्रॉइड टीव्ही बॉक्समध्ये आधीपासूनच घातक सॉफ्टवेअर भरलेले असते, त्यांच्यामार्फत घरातले इंटरनेट गुन्हेगार वापरतात, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये दिला आणि पुढच्याच महिन्यात गूगलने त्या टोळीविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. बाधित उपकरणे एक कोटीहून अधिक होती. कसोटी लावणारा कोणी नसेल तर असेच होणार.

शेठांचा हा मुद्दा त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे, आणि मक्तेदारीविरुद्ध लिहिणारे पुष्कळ जण त्याला उत्तर न देताच पुढे जातात. सुसंगतता ही काही सबब नव्हे. एकच अ‍ॅप शेकडो मॉडेलांवर चालावे, तर त्या मॉडेलांत काही गोष्टी समान असाव्याच लागतात, आणि त्या समान आहेत की नाहीत हे कोणीतरी तपासावेच लागते. प्रश्न उरतो तो तपासणारा कोण आणि तपासणीच्या बदल्यात तो काय मागतो, एवढाच.

सर : कसोटी हवीच, पण ज्याचा माल तपासायचा त्याच्याच स्पर्धकाने ती घ्यावी आणि उत्तीर्ण होण्याची फी म्हणून आपली अ‍ॅप गळ्यात घालावीत, हे नको. टीव्ही विजेच्या दृष्टीने सुरक्षित आहे की नाही हे भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीतून ठरते, त्यासाठी कोणत्याही स्पर्धकाची मेहेरबानी लागत नाही. उपग्रहाचा ट्यूनर आतच असलेल्या टीव्हीसाठी ब्युरोने आयएस १८११२ हे मानक २०२२ सालचे म्हणून प्रसिद्ध केले. त्याप्रमाणे टीव्ही बनला तर छतावर छत्री असलेल्या वाडीवस्तीवरच्या घराला दूरदर्शनच्या मोफत वाहिन्या वेगळ्या डब्याशिवाय पाहता येतील. सॉफ्टवेअरसाठी असेच मानक करणे अवघड आहे, अशक्य नाही. कसोटी खासगी हातात ठेवली की काय होते ते २०१८ साली जगाने पाहिले. अ‍ॅमेझॉनने २०१५ मध्ये गूगलचे क्रोमकास्ट विकणे थांबवले होते, त्या भांडणात गूगलने १ जानेवारी २०१८ पासून फायर टीव्हीवरचे यूट्यूब काढून घेण्याचे जाहीर केले, आणि त्याचे अधिकृत अ‍ॅप परत आले ते जुलै २०१९ मध्ये. दीड वर्ष दोन कंपन्या भांडत राहिल्या आणि ज्यांनी पैसे मोजून यंत्र घेतले होते ते प्रेक्षक मधल्या मध्ये चेपले गेले. गावाकडे कीर्तनापासून केळीच्या फवारणीपर्यंत सगळे यूट्यूबवर पाहिले जाते. ते ज्याच्या हातात आहे तोच ऑपरेटिंग सिस्टिमचाही मालक असेल, तर दुसऱ्या कंपनीने सिस्टिम कितीही चांगली केली तरी ती विकायची कशी?

शेठ : मग आता तरी करार सुटले ना?

काय सुटले, ते नेमकेपणे सांगायला हवे. तडजोडीनुसार गूगल भारतासाठी नवा करार देऊ करते. प्ले स्टोअर आणि त्याला लागणाऱ्या सेवा यांचा स्वतंत्र परवाना शुल्क भरून मिळतो, बाकीची अ‍ॅप घेण्याची किंवा ती ठरावीक जागी मांडण्याची सक्ती त्यात नाही, आणि ज्या उपकरणांत गूगलची अ‍ॅप नाहीत, ती भारतात विकायला सुसंगततेच्या वचनाची आडकाठी राहिलेली नाही. या अटी पाच वर्षांसाठी आहेत. भरलेली रक्कमही तडजोडीबद्दल १५ टक्के सूट धरून ठरली.

शेठ : शुल्क भरून, हा शब्द धरून ठेवा, सर. जी कंपनी हजार-पाचशेच्या फरकावर बाजार मारते, ती स्वतंत्र परवान्याचे पैसे भरेल, की सगळा गठ्ठा बिनपैशाने मिळतो तोच घेईल? कागदावर वाट मोकळी झाली म्हणून तिच्यावरून कोणी चालेलच असे नाही.

सर : हे मान्य करावे लागेल. तडजोडीची मर्यादा तेथेच आहे.

शेठ : आणि दुसरी सिस्टिम आलीच, तर ती कोणाची येते तेही पाहा. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओटेले ओएस थॉमसनच्या टीव्हीत आली. ती जिओची, इंटरनेटची जोडणी जिओची, आणि त्याच महिन्यात सुरू झालेले जिओहॉटस्टारही त्याच समूहाचे. गूगल नको म्हणून याच्याकडे गेलो तर दार बदलले, मालकी पद्धत तीच. गिऱ्हाइकाने कोणत्या मोठ्याच्या ओसरीवर बसायचे, एवढेच त्याच्या हातात असेल, तर या साऱ्या खटाटोपात आम्हा विक्रेत्यांना फार जीव दिसत नाही.

येथे सरांना लगेच उत्तर देता आले नाही, आणि प्रामाणिकपणे पाहिले तर नुसत्या स्पर्धा कायद्यातून या प्रश्नाचे उत्तर निघतही नाही. स्पर्धा कायदा उत्पादकाला निवड देतो, आणि उत्पादकाला निवड मिळाली की प्रेक्षकालाही ती आपोआप मिळेल असे गृहीत धरतो. टीव्हीच्या बाबतीत हे गृहीतक लंगडे पडते, कारण येथे खरा सौदा टीव्ही विकताना संपत नाही. तो टीव्ही चालू होताच दिसणाऱ्या पहिल्या पडद्यावर रोज होत राहतो. कोणते अ‍ॅप पहिल्या ओळीत, कोणत्या मालिकेची जाहिरात सगळ्यात वर, शोधात काय आधी येते, हे ज्याच्या हातात असते त्याच्याकडे जाहिरातदारही जातात आणि वाहिन्याही. रिमोटवर ठरावीक कंपन्यांच्या नावांची जी बटणे असतात, त्या जागांसाठी कंपन्या पैसे मोजतात. अमेरिकेत वॉलमार्टसारख्या किरकोळ विक्रीच्या साखळीने व्हिझिओ ही टीव्ही कंपनी २०२४ च्या अखेरीस २३० कोटी डॉलरना घेतली, त्यामागे जाहिरातीच्या व्यवसायाचे आकर्षण होते. त्याच व्हिझिओला २०१७ साली २२ लाख डॉलर भरावे लागले होते, कारण तिने १ कोटी १० लाख टीव्हींमधून प्रेक्षक काय पाहतात याची नोंद त्यांच्या संमतीवाचून गोळा केली होती. पडद्यावरच्या चित्राचे ठसे क्षणोक्षणी घेऊन ते कोणत्या कार्यक्रमाचे आहे हे ओळखणारे तंत्र त्यासाठी वापरले होते.

संमती करमाळ्यात कशी दिली जाते, हे शेठांनी स्वतःच सांगितले, आणि ते ऐकण्यासारखे आहे.

शेठ : टीव्ही भिंतीवर बसवायला दुकानातला मुलगा जातो. टीव्ही सुरू झाला की आधी भाषा विचारतो, मग वायफाय. वायफाय नसेल तर घरातल्या कोणाच्या तरी मोबाइलचा हॉटस्पॉट लावतात. मग जीमेलचे खाते मागतो. घरात ते कोणाला आठवत नाही, पासवर्ड तर नाहीच, म्हणून तो मुलगाच नवे खाते काढून देतो. त्यानंतर अटींचे चार-पाच पडदे येतात आणि प्रत्येकावर तो मान्य दाबतो, कारण त्याला पुढच्या गावाला दुसरे फिटिंग करायचे असते. घरातली माणसे तोवर चहा करत असतात.

सर : म्हणजे ज्या संमतीवर पुढचा सगळा व्यापार उभा आहे, ती टीव्हीच्या मालकाने दिलेलीच नाही. व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्यात संमती माहितीपूर्ण आणि निःसंदिग्ध असावी असे म्हटले आहे. फिटिंगच्या मुलाच्या अंगठ्याने ती कशी व्हावी? आणि तुमच्या मघाच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच सापडते. सिस्टिम गूगलची असो, अ‍ॅमेझॉनची असो की जिओची, पहिल्या पडद्याच्या मालकावर काही कर्तव्ये कायद्यानेच घातली पाहिजेत. हे नवे नाही. केबलच्या कायद्याचे, म्हणजे १९९५ च्या अधिनियमाचे, कलम ८ असे सांगते की दूरदर्शनच्या ज्या वाहिन्या सरकार अधिसूचित करील त्या प्रत्येक केबलचालकाने दाखवल्याच पाहिजेत. केबलवाला कितीही छोटा असला तरी त्याला ते चुकत नाही. आणि लक्षावधी घरांचा पहिला पडदा ज्यांच्या ताब्यात आहे, त्या कंपन्यांवर मात्र असे कोणतेच बंधन नाही.

शेठ : त्याने धंद्यात ढवळाढवळ होईल. कोणते अ‍ॅप वर ठेवायचे हे सरकार सांगू लागले, तर उद्या प्रत्येक सरकार आपापले सांगेल.

सर : भीती खरी आहे, म्हणून तर यादी सरकारच्या मर्जीवर सोडू नये, निकष कायद्यात लिहावेत. ब्रिटनने २०२४ च्या मीडिया अधिनियमात हेच केले. इंटरनेटला जोडलेल्या टीव्हीवर सार्वजनिक सेवेच्या प्रसारकांची अ‍ॅप ठळक जागी असावीत असे बंधन घातले, आणि त्याची अंमलबजावणी मंत्रालयाकडे न देता स्वतंत्र नियामकाकडे दिली. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात वेव्हज हे आपले अ‍ॅप सुरू केले, पण तुमच्या दुकानातल्या किती टीव्हींच्या पहिल्या ओळीत ते दिसते?

शेठ : विचारल्यावर शोधून द्यावे लागते.

या ठिकाणी दोघांचे मत पूर्णपणे जुळले नाही, आणि जुळायला हवे असेही नाही. शेठांना कसोटीची शिस्त हवी आणि सरकारी यादी नको. सरांना दोन्ही बाबतींत सार्वजनिक नियम हवा. न्याय करायचा झाल्यास, लिंकिंग मोडून काढण्यात आयोगाने योग्य तेच केले, परंतु दोषाचा अंतिम निष्कर्ष न लिहिता ते तडजोडीने मिटवल्यामुळे पुढच्या प्रकरणाला आधार देईल असा निवाडा हाती राहिला नाही, ही मोठी उणीव आहे. सुसंगततेचा प्रश्न शेठ म्हणतात तितकाच खरा आहे, आणि त्यावर सरांचा मानकाचा मार्ग हाच टिकाऊ मार्ग आहे. मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने मात्र सगळ्यात निकडीची गोष्ट पहिल्या पडद्याची आहे, कारण मराठी कार्यक्रम देणाऱ्या छोट्या संस्थेला मोठ्या समूहांप्रमाणे रिमोटवरचे बटण किंवा पहिली ओळ विकत घेणे परवडणारे नाही, आणि जे पहिल्या ओळीत नाही ते करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या किंवा केमच्या घरात कोणी शोधत बसत नाही.

तडजोडीच्या पाच वर्षांची मुदत २०३० च्या सुमारास संपेल. तोवर केबल कायद्यातील कलम ८ चे तत्त्व टीव्हीच्या पहिल्या पडद्याला लावावे आणि टीव्ही सॉफ्टवेअरसाठी भारतीय मानक करावे, या दोन मागण्या राज्यातल्या ग्राहक संघटनांनी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे आणि मानक ब्युरोकडे लेखी लावून धरायला हव्यात. आणि ज्या घरात या दिवाळीला नवा टीव्ही येईल, त्या घरातल्या कर्त्या माणसाने फिटिंगच्या वेळी रिमोट स्वतःच्या हातात घ्यावा, खाते स्वतःचे घालावे, आणि पाहण्याच्या सवयींची नोंद घेऊ देण्याचा पडदा आला की तेथे मान्य दाबू नये; अशी परवानगी नाकारली तरी टीव्ही चालतो.